भीती हिशेबाची नाही, भाषेची

रविवारच्या अभ्यासवर्गात अकरावी विज्ञानची एक मुलगी वही मिटून बसली होती. "काका, मला कॉमर्सला जायचंय," म्हणाली. कारण विचारले तर हायड्रोजनच्या वर्णपटाची गणिते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळे इंग्रजीत. आम्ही बी.कॉम., कारकुनी करणारे. पण हिशेब म्हटला की आम्ही मागे हटत नाही. तिच्याच पुस्तकातून आम्हीही शिकायला बसलो.

नळीत हायड्रोजन वायू भरून वीज सोडली की उजेड पडतो. लोलकातून पाहिले तर त्यात सुट्या रंगीत रेषा दिसतात. स्वित्झर्लंडमधील बाझलचे शाळामास्तर योहान बामर यांनी १८८५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यातील चार रेषांचे सूत्र शोधले. पुढे रिडबर्ग यांनी ते सर्व श्रेणींना लागू केले. १९१३ मध्ये बोर यांनी कारण सांगितले. इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेतून खाली उतरतो, तेव्हा फरकाची ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते.

आता हिशेब. इलेक्ट्रॉन पहिल्या कक्षेत उतरला तर लायमन श्रेणी, दुसऱ्या कक्षेत बामर, तिसऱ्या कक्षेत पाश्चेन. एकच आकडा पाठ करावा : ९१.१८ नॅनोमीटर.

सर्वांत लहान तरंगलांबी हवी तर त्याला कक्षेच्या वर्गाने गुणावे. बामरसाठी ४ ने गुणले, सुमारे ३६५ आले.

सर्वांत मोठी हवी तर इलेक्ट्रॉन लगतच्या वरच्या कक्षेतून आला असे धरावे. म्हणजे तिसरीतून दुसरीत. १/४ वजा १/९ म्हणजे ५/३६. हा अपूर्णांक उलटा करावा, ३६/५. त्याने ९१.१८ ला गुणले की सुमारे ६५६. हीच ती तांबडी रेषा.

मुलगी उलटे करायचे विसरत होती, म्हणून उत्तर १२.६६ येई. आम्ही म्हटले, "बाळ, सर्वांत मोठी लांबी सर्वांत लहानीपेक्षा कमी कशी?" ती हसली. ताळा पाहायची सवय लागली की अशी चूक लगेच सापडते.

मग लायमन आम्ही दोघांनी सोडवली : ९१ ते १२२, अतिनील. पाश्चेन तिने एकटीने : ८२१ ते १८७६, अवरक्त. दोन्ही डोळ्यांना न दिसणाऱ्या.

पालकहो, कॉमर्स वाईट नाही, आम्ही त्यातलेच. पण मुलांनी ते आवडीने घ्यावे. कामावरून आल्यावर तासभर त्यांच्या वहीशेजारी बसा. आपल्याला येत नसेल तर त्यांनाच मराठीत समजावून सांगायला लावा.