प्रोजेक्ट विकत घेताय? आधी घरातली चादर बघा!

फायनल इयर आलं की कॉलेजच्या कट्ट्यावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "काय बे, प्रोजेक्ट कुठनं घेतलास?" 'काय बनवलंस' असं कुणी विचारत नाही. रेडिमेड प्रोजेक्ट मिळतो, सोबत रिपोर्ट आणि पीपीटीसुद्धा. व्हायवात दिवा लागला, मोटर फिरली की सुटलो! त्या डब्यात आत काय चाललंय, हे ना विचारणाऱ्याला कळतं ना सांगणाऱ्याला.

आता याच विषयाशी जोडलेल्या दोन बातम्या आठवून बघा. पहिली, फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातली. पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभ्या करणार, अशी घोषणा झाली. दुसरी ऑक्टोबर २०२५ ची. मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने आर्डुइनो ही कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. आर्डुइनो म्हणजे तोच निळा बोर्ड, जो तुमच्या त्या रेडिमेड प्रोजेक्टच्या पोटात बसलेला असतो!

या बोर्डाची गोष्ट भारी आहे. इटलीत इव्रेया नावाचं छोटं गाव आहे. ऑलिव्हेट्टी टाइपरायटरचा कारखाना १९०८ साली तिथेच सुरू झाला आणि गाव त्याच्यावर वाढलं. पुढे टाइपरायटरचे दिवस सरले. २००१ च्या सुमारास तिथे डिझाइन शिकवणारी एक संस्था उघडली. तिथल्या विद्यार्थ्यांना हलणाऱ्या, बोलणाऱ्या, हात लावल्यावर प्रतिसाद देणाऱ्या वस्तू बनवायच्या होत्या. यालाच फिजिकल कॉम्प्युटिंग म्हणतात. म्हणजे स्क्रीनच्या बाहेर पडलेला कॉम्प्युटर. पण तेव्हाचे बोर्ड महाग होते आणि वापरायला किचकट. एर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने त्यावर उपाय म्हणून 'वायरिंग' नावाचा सोपा बोर्ड बनवला. तो त्याचा मास्टर्सचा प्रबंध होता. त्याच पायावर २००५ मध्ये त्याचे मार्गदर्शक मासिमो बान्झी आणि सहकाऱ्यांनी आर्डुइनो आणला. डिझाइन सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, म्हणून आज त्याची कॉपी आपल्याला काही शे रुपयांत मिळते.

थोडक्यात काय, एका विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रोजेक्टवर उभा राहिलेला बोर्ड आपण 'विकत घेतलेल्या' प्रोजेक्टमध्ये वापरतोय. गंमतच आहे ना?

कारखान्यावर वाढलेलं गाव, मग ओसरलेले दिवस... ही गोष्ट सोलापूरकराला वेगळी सांगावी लागत नाही. आपल्या गिरण्यांचे भोंगे थांबले, पण माग थांबले नाहीत. आणि माग हे काही साधं यंत्र नाही. घरातली नक्षीची सोलापुरी चादर उलगडून बघा. त्यावरचा मोर किंवा फूल जॅकार्डवर विणलेलं असतं. जॅकार्डमध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. मग मधून धोटा जातो. भोक म्हणजे एक, भोक नाही म्हणजे शून्य. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आलेल्या या युक्तीवरूनच चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी पंचकार्ड घेतली. म्हणजे आपल्या पूर्व भागात जो खडखडाट ऐकू येतो, तो कॉम्प्युटरच्या आजोबांचा आवाज आहे!

मग अडतंय कुठे? पैशांवर? तसं वाटत नाही. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमिती शिकवली. पुण्याच्या आयुकात बसून कचऱ्यातून खेळणी बनवली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करत शिकण्यासाठी. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब त्याच पाबळमध्ये, म्हणजे शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यात झाली.

अडतंय ते मार्कांवर. आपल्याकडे चाललेल्या वस्तूला मार्क असतात, न चाललेल्या पाच प्रयत्नांना नसतात. मग रिस्क कोण घेणार? रेडिमेड घेणारा मुलगा आळशी असतोच असं नाही, तो हिशेबी असतो. म्हणूनच ५० हजार लॅबच्या घोषणेकडे बघताना आकड्याच्या पलीकडे बघायला हवं. एका अटल लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान मिळत आलंय, पण त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहेत. लॅबला कुलूप लागू नये म्हणून वेळापत्रकात तास आणि शिकवणारा माणूस लागतो. आणि तिथून बाहेर पडलेलं पोर कॉलेजात येऊन पुन्हा फाइलच भरणार असेल, तर काय उपयोग?

तुम्ही म्हणाल, खेळणी बनवून पॅकेज मिळतं का? नाही मिळत. कंपनीला ॲप्टिट्यूड आणि कोडिंगच लागतं, आणि पुण्याची गाडी पकडावीच लागते, हे खरंच आहे. पण मुलाखतीत 'अडलं कुठे आणि सोडवलं कसं?' असं विचारलं, तर विकतच्या प्रोजेक्टकडे उत्तर नसतं. न चाललेल्या पाच प्रयत्नांकडे ते असतं.

सुरुवात अगदी छोटी करा. मागात एक जुनी युक्ती आहे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पातळ पत्र्याची पट्टी लटकवायची. धागा तुटला की पट्टी खाली पडते, सर्किट जुळतं आणि माग थांबतो. हा सेन्सरच झाला की! एक धागा, एक पट्टी, दोन तारा, बॅटरी आणि बझर घेऊन घरी करून बघा. जमलं की बझरच्या जागी बोर्ड जोडा आणि दिवसात धागा किती वेळा तुटला ते मोजा. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आणि फिल्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. ते एखाद्या कारखान्याचा शिक्का आणून भरण्यापेक्षा मागावर आठ दिवस उभं राहून भरा. तिथला जॉबर कुठलीही पीपीटी न दाखवता तुम्हाला जॅकार्ड समजावून सांगेल.

आणि पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी विचारलं, "कुठनं घेतलास?" तर सांगा, "घेतला नाही बे, बनवलाय. अजून नीट चालत नाही, बघायला येतोस का?"