घरातला उजेड आणि कापसाची खोली



दिवाळीच्या तोंडावर घराची रंगसफेदी निघते आणि त्याच सुमारास वेचणीचा कापूस घरात येऊ लागतो. म्हणून उजेडाचा विषय आज घेतला आहे.

आपल्या खानदेशातली जुनी धाब्याची घरे उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहेत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा मुलखात जाड मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या हाच शहाणपणा होता. घर थंड राहिले, पण आत भरदिवसा अंधार. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे नवी खिडकी काढायला जागा नाही. माजघरात धान्य निवडणाऱ्या म्हातारीला खडा दिसत नाही आणि आपण म्हणतो, तिची नजर गेली.

पहिला उपाय चुन्याचा. ताज्या चुन्याची भिंत अंगावर पडलेल्या उजेडापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास परत फेकते. धुराने काळवंडलेली भिंत बहुतेक सगळा गिळून टाकते. अजिंठ्याच्या लेण्यांत एके काळी वाटाडे बाहेर उन्हात पत्रा धरीत आणि आतल्या पांढऱ्या कापडावर उजेड पाडून चित्रे दाखवीत. तीच युक्ती घरात करता येते. दारासमोरची भिंत व छताची खालची बाजू पांढरी ठेवावी. हौसेने निळा-हिरवा रंग द्यायचाच असेल तर तो ओसरीला द्यावा, माजघराला नको.

दुसरा उपाय झरोक्याचा. एक चौरस फुटाच्या काचेतून दुपारच्या थेट उन्हात जो उजेड आत येतो तो ९ वॅटच्या आठ-दहा एलईडी दिव्यांइतका असतो. पण त्याबरोबर जुन्या १०० वॅटच्या बल्बाएवढी उष्णताही येते. मेच्या अखेरीस जळगाव-धुळ्याला सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास अगदी डोक्यावर असतो, म्हणून धाब्यावरचा झरोका फुटापेक्षा मोठा करू नये आणि उन्हाळ्यात दुपारी वरून गोणपाट टाकावे. उत्तरेची भिंत मोकळी असेल तर छतालगत उंचावर झडप काढणे केव्हाही चांगले. तिथून उजेड खोलवर जातो आणि ऊन जवळजवळ येत नाही. पत्र्याचे घर असेल तर उत्तरेच्या उतारावर एखादे पारदर्शक पान बसवावे.

आता दिवा. २०१५ साली उजाला योजना निघाल्यापासून एलईडी दिवे खेडोपाडी पोहोचले. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट होतात. तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या दिव्याला दीड युनिटही लागत नाही. पण दिवा बदलला तरी त्याची जागा मात्र तीच राहिली, खोलीच्या मधोमध, आढ्याला. घरची बाई चुलीकडे तोंड करून भाकरी थापते, दिवा तिच्या पाठीमागे, आणि तिचीच सावली परातीत पडते. तो दिवा समोरच्या भिंतीवर, कपाळापेक्षा थोडा उंच घ्यावा. वायरमनला हे सांगावे लागते; त्याला भाकरी थापायची नसते. कामापासून दिव्याचे अंतर निम्मे केले की त्याचा थेट उजेड चौपट पडतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्या पोराला दिवा डावीकडून हवा.

गोठ्यातला दिवाही धार काढतो त्या बाजूला असावा. कासेची सूज किंवा दुधातल्या गुठळ्या अंधारात दिसत नाहीत.

कापसाच्या खोलीबद्दल मात्र कडक सांगतो. भाव वाढेल या आशेने आपण कापूस महिनोन्महिने घरात ठेवतो, आढ्यापर्यंत रचतो, आणि त्याच ढिगात बल्ब बुडालेला असतो. जुन्या बल्बाची काच तापते, ती कापसाला टेकवणे म्हणजे आगीला बोलावणे. एलईडी कमी तापतो म्हणून निर्धास्त राहू नये. सैल होल्डर, पिळून जोडलेली वायर आणि उंदराने कुरतडलेले आवरण यांतूनही ठिणगी पडतेच. या खोलीत वायर, बटण, होल्डर काहीच नसावे. दिवा दाराबाहेर लावावा, त्याचा उजेड आत पडू द्यावा. कोपऱ्यात जायचे तर बॅटरी घ्यावी. चिमणी, कंदील, उदबत्ती व विडी उंबऱ्याच्या आत नेऊ नये. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार घालणारे शहाणे प्रत्येक गावात आहेत. फ्यूज उडतो तेव्हा तो घर वाचवत असतो. ऐपत असेल त्याने एमसीबी आणि गळती पकडणारा ब्रेकर बसवून घ्यावा. झोपण्याची खोली आणि कापूस एकाच ठिकाणी असतील तर यंदा त्यातले एक हलवा, जागा अपुरी पडली तरी.

रात्रपाळीची वीज आली की मोटार चालू करायला मळ्यात जावे लागते. ओट्याच्या पायरीवर एक लहान दिवा असू द्या आणि बॅटरी दाराजवळच्या कोनाड्यात ठेवा, सेल भरलेली. वाटेवर उजेड पायापुढे टाकावा. मण्यार रात्रीच फिरते.