उजेड कुठे हवा, ते आपण ठरवू!

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वीजवाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबईसकट ठाणे परिसराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनामुळे मुलांची शाळा मोबाइलवर, मोठ्यांचं ऑफिस डायनिंग टेबलवर. त्यात पंप बंद, मिक्सर बंद. या सगळ्याची सांगड घालायची कुणी? अर्थात घरातल्या बाईने!

तसं पाहिलं तर ठाणे, कल्याण, डोंबिवली अंधाराला सरावलेली. २००५ नंतरच्या भारनियमनात मुंबई शहर झगमगत असताना इथे तासन्‌तास वीज नसायची. तेव्हा पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आले. पण त्याची लाइन दिली कुठे? हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये. स्वयंपाकघरात मात्र मेणबत्ती! बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायची आठवण ठेवायची ती पुन्हा आपणच.

आता दारात विजेवरची गाडी येऊ लागली आहे आणि तिची बॅटरी म्हणजे चाकांवरचा मोठा इन्व्हर्टरच. बिलावरच्या युनिटच्या भाषेत सांगायचं तर इन्व्हर्टरच्या दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीत जेमतेम पावणेदोन युनिट वीज मावते. दोन पंखे, दोन ट्यूब आणि वाय-फाय यावर चार-पाच तास चालतात. मोटारीच्या बॅटरीत तीसेक युनिट असतात. त्यातले दहा वापरले, तरी एवढीच उपकरणं जवळपास दोन दिवस चालतील. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर, २०१२ साली निस्सानने 'लीफ' गाडीतून घराला वीज पुरवणारी यंत्रणा बाजारात आणली. आपल्याकडे २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीत गाडीतून उपकरणं चालवायची सोय आली.

पण भुलून जाऊ नका. ही सोय प्रत्येक गाडीत नसते, आणि स्कूटरमध्ये तर सहसा नसतेच. स्कूटरची बॅटरी उघडून कुणी 'जुगाड' करून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पार्किंगमधून वायर कशी आणणार, हाही प्रश्न आहेच. उलट बैठं घर, अंगण आणि दाराशी गाडी असेल, तर हे सोपं. म्हणजे इथे मोठ्या शहरापेक्षा लहान गावातल्या मैत्रिणीचं पारडं जड!

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. गाडीची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी सोडायची नाही. ती बाहेरच्या तारांत जाते आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. चांगल्या प्रतीच्या एक्स्टेन्शनवर थेट उपकरण लावा. छतावर सोलर बसवताय? २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. पण बॅटरी नसलेलं साधं सोलर, बाहेरची वीज गेली की याच कारणासाठी आपोआप बंद पडतं. विक्रेता हे सांगेलच असं नाही, आपण विचारायचं.

खरेदीची बोलणी घरातले पुरुष करतात आणि आपण चहा आत-बाहेर करतो, हे आता पुरे. आधी कागद-पेन घ्या. वीज गेल्यावर काय चालूच राहिलं पाहिजे? ओट्यावरचा दिवा, सासूबाईंचं नेब्युलायझर, लेकीच्या अभ्यासाचा दिवा, फ्रिज. प्रत्येकाचे वॅट लिहा आणि ती यादी घेऊनच दुकानात जा. आजारी माणसाचं उपकरण पहिलं, स्वयंपाकघर दुसरं, टीव्ही सगळ्यात शेवटी.

पैसे घरातले, अंधारात राबणारे हात आपले. मग लाइन कुठे जाणार, हे ठरवताना आपला शब्द नको?