वाचनाची लाखोली

माणसाने दोन वेळा हात वर करू नये. सोसायटीच्या सभेत ‘स्वखुशीने कोण पुढे येतंय?’ असा प्रश्न येतो तेव्हा, आणि एक जानेवारीला. गेल्या वर्षी मी या दोन्ही चुका एकाच सकाळी केल्या. आमच्या सोसायटीने नव्या वर्षाचा चहा आणि सभा काटकसर म्हणून एकत्रच ठेवली होती.

चहाबरोबर बटाटेवडा होता. तोंडात गरम वडा असताना भल्याभल्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. नेमक्या त्या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी आपली कल्पना मांडली. त्या संगणकाच्या कंपनीत आहेत. त्यांच्या ऑफिसात म्हणे वर्षभराचा वाचनाचा संकल्प करतात. बावन्न आठवडे, बावन्न पुस्तकं, आणि प्रत्येक पुस्तकाला एक अट. निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक, जन्मसालात निघालेलं पुस्तक, शीर्षकात आकडा असलेलं पुस्तक, असं. तिकडे गुडरीड्सवर तर लाखो माणसं दर जानेवारीला आपापला आकडा जाहीर करतात.

“काका, तुमच्याकडे तर कपाटभर पुस्तकं आहेत. तुम्हाला काय अवघड?”

कपाटभर पुस्तकं असणं आणि ती वाचलेली असणं यातलं अंतर जगात फक्त आमच्या सौ.ला ठाऊक आहे. ती समोरच बसली होती. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की हात आपोआप वर गेला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी तक्ता लागला. उभ्या रकान्यांत बावन्न अटी, आडव्या ओळींत नऊ नावं. पुस्तक संपलं की आपल्या चौकोनात सोनेरी चांदणी चिकटवायची. बालवाडीनंतर चांदणीची आणि माझी पुन्हा गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. तळाशी एक नियम होता: ‘पूर्वी वाचलेले पुस्तक पुन्हा वाचल्यास धरले जाणार नाही.’ त्या दिवशी मी तो नुसता वाचला. आज तो फाडावासा वाटतो. पण ते पुढे.

निळ्या मुखपृष्ठासाठी मी आमच्या वाचनालयात गेलो. पण आमच्या वाचनालयात मुखपृष्ठ ही चीज टिकतच नाही. पुस्तक आलं की त्याला बाइंडिंग होतं आणि पाठीवर नंबर पडतो. ज्ञानेश्वरी असो की नाथमाधव, सगळ्यांना विटकरी रंगाचा एकच गणवेश. “निळं पुस्तक आहे का?” असं काउंटरवरच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आजूबाजूला कुणी ऐकलं तर नाही ना, ते पाहिलं.

जन्मसालाच्या अटीने तर इमारतीत खळबळच उडवली. माझं सोपं होतं. मी १९६३ चा, ‘कोसला’ही १९६३ ची. (मी तिच्याइतका चर्चेत राहिलो नाही, एवढाच फरक.) पण तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरसाहेबांनी त्या चौकोनात ‘मृत्युंजय’ लिहून चांदणी लावली. ‘मृत्युंजय’ १९६७ चं. साहेबांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. म्हणजे गृहस्थ पन्नाशीतच साठ वर्षांचे झाले! पुढे दोन दिवस लिफ्टशी जो तो बोटं मोजत उभा.

शीर्षकात आकडा हवा म्हणून मी किरण नगरकरांचं ‘सात सक्कं त्रेचाळीस’ आणलं. ते १९७४ साली आलेलं. सात सक्कं बेचाळीस हे आम्ही छड्या खाऊन शिकलो, आणि हा लेखक बिनदिक्कत त्रेचाळीस म्हणतो. वर्षभराच्या त्या सगळ्या हिशेबात मला पटलेलं गणित तेवढंच.

शीर्षकात रंग ही अट जी. ए. कुलकर्ण्यांनी सोडवली. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’, ‘काजळमाया’. या माणसाने रंगांचं दुकानच मांडून ठेवलंय. मी खुशीत ‘काजळमाया’ उघडलं आणि तिथेच माझं वेळापत्रक कोसळलं. जीएंची कथा वाचली की मी दोन दिवस जेवताना बोलत नाही. तिसऱ्या दिवशी सौ.ने विचारलं, “भाजी बिघडलीय का?” भाजी ठीक होती. पण आठवडा संपला होता, पुस्तक संपलं नव्हतं आणि चौकोन मोकळा होता. तक्त्याच्या हिशेबी मी त्या आठवड्यात काहीच वाचलं नव्हतं.

माझं भांडण आहे ते या हिशेबाशी. बावन्न पुस्तकं, सरासरी अडीचशे पानं धरली तर झाली तेरा हजार. म्हणजे रोज छत्तीस. गणपतीत छत्तीस, दिवाळीत छत्तीस, ताप आला तरी छत्तीस. हे वाचन की पेन्शनीचं हयातीचं प्रमाणपत्र? बरं, माणूस हुशार प्राणी आहे. त्याला आकडा दिला की तो आकड्याकडे जाणारी जवळची वाट शोधतो. मार्चपर्यंत इमारतीतल्या प्रत्येकाला शोध लागला, की चांदणी पुस्तकाच्या जाडीवर नसते. मग पातळ पुस्तकांना जे दिवस आले ते विचारू नका. अनुवादाच्या रकान्यात नऊपैकी सात जणांचं पुस्तक एकच, ‘एका कोळियाने’. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी आणि पु. लं.ची मराठी, यापलीकडे काय हवं? पण निवड झाली ती या दोघांमुळे नव्हे. फुटपट्टी लावून झाली.

मीही त्यातलाच. ‘व्यासपर्व’ मी पातळ म्हणूनच उचललं. दुर्गाबाईंनी पानं कमी लिहिली, पण प्रत्येक पानावर वाचकाला थांबवून बसवायची सोय करून ठेवलीय. पातळ पुस्तक लवकर संपतं ही अफवा कुणी पसरवली कोण जाणे.

जूनअखेर बँकवाल्या साहेबांच्या एकतीस चांदण्या झाल्या होत्या. त्यांत विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ पाहून मला भरून आलं. ते माझं लाडकं पुस्तक, चारदा वाचलेलं. लिफ्टमध्ये मी अधीरपणे विचारलं, “कसं वाटलं?”

“चांगलं आहे,” साहेब म्हणाले. “लढाईचं आहे.”

‘रणांगण’ घडतं बोटीवर. जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा आणि आपला चक्रधर. युद्ध अजून सुरू व्हायचंय, आणि पुस्तकात लढाई म्हणून होत नाही. जी होते ती त्या दोघांच्या काळजात. पण साहेबांची चांदणी पक्की, आणि माझी चार वाचनं तळच्या नियमात बाद!

आता हा नियम. माझी आजी रोज सकाळी ज्ञानेश्वरी वाचायची. नऊ हजारांवर ओव्या. शेवटची ओवी झाली की पोथीला नमस्कार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या अध्यायाला सुरुवात. तिचं उभं आयुष्य त्यात गेलं. आमच्या तक्त्यावर तिचं नाव असतं तर तिच्या ओळीत एक चांदणी, आणि वर शेरा, ‘प्रगती असमाधानकारक’. भांडारकर संस्थेतल्या पंडितांचं तर विचारूच नका. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी १९१९ साली हात घातला आणि १९६६ साली काम पुरं केलं. सत्तेचाळीस वर्षांत पुस्तक एक. सोसायटीने त्यांना स्मरणपत्र धाडलं असतं.

हे इंग्रजी खूळ आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मोजून पुण्य मिळवणं ही आपलीच जुनी खोड. सोळा सोमवार, लाख वाती, रामनामाच्या वह्या, देवावर तांदळाची लाखोली. फरक इतकाच, की लाखोली वाहताना प्रत्येक दाण्याशी ओळख करून घ्यावी अशी कुणाची अपेक्षा नसते. पुस्तकाची तेवढीच अपेक्षा असते. ती पुरी होत नसेल तर वाहिलेली बावन्न पुस्तकं आणि वाहिलेले तांदूळ यांत मला तरी फरक दिसत नाही. तांदळाचा निदान नंतर भात होतो.

तर काय, तक्ता फाडून टाकायचा? इथे माझी पंचाईत होते. कारण अट ही वस्तू वाईट नाही. पूर्वी वाचनालयात काउंटरमागे एक गृहस्थ असायचे. आपण मागायचो बाबूराव अर्नाळकर. ते अर्नाळकर द्यायचे आणि वर न मागितलेलं एक पुस्तक सरकवायचे, “हेही न्या.” आपण मनात चरफडत न्यायचो आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसायचो. ग्रंथालयशास्त्रातले मोठे माणूस एस. आर. रंगनाथन. त्यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं हा एक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हा दुसरा. पुस्तकं मोजा असं त्या पाचांत कुठेच नाही. आता ते काउंटरवाले गृहस्थ गेले. आपण आपल्याच आवडीच्या गोल विहिरीत पोहत असतो. एखादी विचित्र अट माणसाला तिथून बाहेर काढते, हे मी नाकारत नाही. नाकारण्याची सोयच उरली नाही, ती सदतिसाव्या अटीमुळे.

सदतिसावी अट अशी होती: ‘वाचलंय असं सांगितलेलं, पण न वाचलेलं पुस्तक.’

सप्टेंबरपर्यंत त्या रकान्यात एकही चांदणी नव्हती. नऊ जणांची नऊ घरं स्वच्छ कोरी. चांदणी लावणं म्हणजे भर लिफ्टशी कबुलीजबाब देणं. सौ. म्हणाली, “तुमचं अख्खं कपाट त्या एका चौकोनात मावेल.” मी हसलो. पण मला कपाट आठवत नव्हतं, एकच पुस्तक आठवत होतं. आणि ते माझ्या कपाटातलं नव्हतंच.

१९८६ साली मी नोकरीत नवा होतो. शेजारच्या टेबलावरचा मित्र दलित वस्तीत वाढलेला. डबा आम्ही एकत्र खायचो. एके दिवशी त्याने ब्राउनपेपर घातलेलं पुस्तक दिलं. “वाच. मग बोलू.” ते दया पवारांचं ‘बलुतं’. ‘ग्रंथाली’ने १९७८ साली काढलेलं, तोवर गाजून गेलेलं. पंधरा दिवसांनी मी ते परत केलं आणि म्हणालो, “जबरदस्त आहे रे!” तो “हं” म्हणाला. पुढे एकवीस वर्षं आम्ही शेजारी बसलो. क्रिकेटवर बोललो, साहेबांवर बोललो, मुलांच्या ॲडमिशनवर बोललो. त्या पुस्तकावर कधीच नाही.

वेळ मिळाला नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. वेळ होता. त्याच पंधरवड्यात मी दोन जाडजूड रहस्यकथा संपवल्या होत्या. पण ‘बलुतं’च्या पहिल्या काही पानांतच जे गाव दिसायला लागलं, त्यात आमचा वाडा कुठल्या बाजूला येतो हे मला कळलं होतं. मी पुस्तक मिटलं होतं.

यंदा वाचलं. लेखक आपल्याच जुन्या नावाशी, दगडूशी, बोलत बसलाय. कधी गाव, कधी मुंबईचा कावाखाना. पाच पानं वाचायची आणि गॅलरीत जाऊन उभं राहायचं, असं चाललं. सहा आठवडे लागले. संपल्यावर पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं, म्हणजे आणखी तीन आठवडे. तक्त्यावर मी नऊ पुस्तकं मागे. सूनबाई काळजीने म्हणाल्या, “काका, बरं नाही का तुम्हाला? एखादं छोटंसं घ्या ना मध्ये.”

नोव्हेंबरात मित्राला फोन लावला.

“अरे, ‘बलुतं’ वाचलं.”

पलीकडे जरा शांतता. मग, “परत?”

“नाही. पहिल्यांदाच.”

तो हसायला लागला. “ठाऊक आहे. तुझं पीएमटीचं तिकीट एकोणिसाव्या पानात होतं. अजून आहे.”

“मग तेव्हाच का बोलला नाहीस?”

“काय बोलणार? तू म्हणालास, वाचलं. म्हटलं, वाचेल कधीतरी.”

त्या रविवारी त्याच्याकडे गेलो. दुपारी दोनला बसलो ते दिवेलागणीला उठलो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही.

डिसेंबरअखेर बँकवाल्या साहेबांच्या बावन्न चांदण्या पुऱ्या झाल्या. सदतिसाव्या चौकोनात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं होतं, तेही एका आठवड्यात! लोकमान्यांना लिहायलासुद्धा मंडालेत काही महिने लागले होते. त्यांना ढाल मिळाली. माझ्या तेवीस.

यंदाच्या सभेत सूनबाईंनी विचारलं, आकडा साठ करायचा का? मी उठून ठराव मांडला: अटी सगळ्या ठेवाव्यात, हव्या तर वाढवाव्यात, पण आकडा, चांदण्या, ढाल आणि तळचा नियम काढून टाकावा. वर्षात एकच अट पुरी झाली तरी चालेल.

साहेब ताडकन म्हणाले, “मग जिंकलं कोण, ते कसं कळणार?”

प्रश्न बिनतोड होता. सभेने माना डोलावल्या. चेअरमननी ठराव मताला टाकला. या वेळी तोंडात वडा नव्हता, मी पूर्ण शुद्धीत हात वर केला. ठरावाच्या बाजूने एकूण दोन हात आले. दुसरा आमच्या सौ.चा होता.