मुक्या बैलाची बाजू

माणसावर अन्याय झाला तर तो न्यायालयात जातो. बैलाने कोठे जावे? त्याची बाजू प्राणिमित्र संस्थांनाच मांडावी लागते.

आपल्या राज्यातील बैलगाडा शर्यतीच पाहा. बैल जोरात पळावा म्हणून काही जण त्याला चाबकाने मारत, त्याची शेपटी पिरगाळत. प्राण्यांचा छळ करण्यास १९६० च्या कायद्याने बंदी आहे. त्याच आधारे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या. शर्यत ही जुनी परंपरा आहे आणि आम्ही बैलाला लेकरासारखे जपतो, असे अनेक शेतकऱ्यांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात बदल केला. १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने तो मान्य केला.

आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का वापरता येत नाही.

मग संस्था हरल्या का? मला तसे वाटत नाही. त्या लढल्या, म्हणूनच या अटी आल्या. पण प्रत्येक शर्यतीच्या ठिकाणी न्यायाधीश हजर नसतात. प्रेक्षक मात्र असतात. तेथे कोणी चाबूक उगारला तर टाळ्या वाजवू नका. मोठ्या माणसांना सांगून तो थांबवा. परंपरा जपायची असेल, तर आधी बैलाला जपले पाहिजे.