मसल, पोनी आणि स्पोर्ट्स : एका गावाच्या दोन रस्त्यांवरून

१/१४
इन्सुलीच्या नाक्यावर चहा घेत उभा होतो. गोव्याच्या दिशेने लाल रंगाची एक फोर्ड मस्टँग गेली. शेजारचा मुलगा आपल्या मित्राला म्हणाला, “मेल्या, स्पोर्ट्स कार बघ ती!” त्याच्या आनंदावर विरजण घालण्याचा मोह मी आवरला. परंतु ती स्पोर्ट्स कार नव्हती. मग ती कोण होती, आणि हा भेद जपावा तरी कशासाठी? आजचा धागा याच प्रश्नाविषयी आहे.

२/१४
इतिहासाच्या वाचकाला हा प्रश्न क्षुल्लक वाटू नये. आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत ही दोन वेगळी जहाजे होती. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळेवर तोफा वाहणारी. गलबत हलके, उथळ पाण्यात शिरणारे, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे. वारा पडला की गलबतेच गुराबांना ओढून नेत. दोहोंना नुसते ‘जहाज’ म्हणणाऱ्याला ते आरमार लढत कसे असे, हे कधीच उमगणार नाही.

३/१४
गाड्यांचेही तसेच आहे. माझे मत आरंभीच सांगतो. मसल कार, पोनी कार आणि स्पोर्ट्स कार ही केवळ इंजिनाच्या आकड्यांवरून पाडलेली नावे नव्हेत. कोणत्या देशात, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या करपद्धतीत आणि कोणत्या ग्राहकासाठी गाडी घडली, याची ती नोंद आहे. ही नोंद पुसून सर्वांना अश्वशक्तीच्या एकाच तराजूत घातले, की अन्याय होतो. तसा अन्याय आपल्याकडेही झाला आहे. त्याकडे पुढे येतो.

४/१४
प्रथम स्पोर्ट्स कार. तिचे व्यक्तिमत्त्व ब्रिटनमध्ये विशेष ठसठशीत झाले, आणि त्यात करआकारणीचा वाटा मोठा होता. तेथे १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर होता. मात्र ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नसे. सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरची संख्या यांवरून ती सूत्राने काढली जाई. पिस्टनच्या धावेची लांबी त्या हिशेबात येतच नसे.

५/१४
परिणाम उघड होता. कारखानदारांनी व्यास लहान आणि धाव लांब ठेवली. इंजिने छोटी राहिली. छोट्या इंजिनातून मौज हवी, तर गाडीचे वजन उतरवणे आणि वळणांवर तिला चपळ करणे हाच मार्ग उरला. १९४५ ची एमजी टीसी पाहा : दोन आसने, १२५० सीसी, ५४ अश्वशक्ती. एवढ्याशा ताकदीच्या या गाडीने युद्धोत्तर अमेरिकेतील अनेकांना स्पोर्ट्स कारची गोडी लावली.

६/१४
आता अटलांटिकच्या पलीकडे चला. पेट्रोल स्वस्त, अंतरे प्रचंड, आणि १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे सरळ, रुंद जाळे विणले जाऊ लागलेले. अशा भूमीत वळणापेक्षा सरळ रेषेला मान मिळाला. सिग्नल हिरवा झाल्यावर पुढच्या सिग्नलपर्यंत प्रथम कोण पोहोचतो, हाच पराक्रम ठरला. मसल कार ही त्या सरळ रेषेची लेक.

७/१४
तिचा जन्म बहुतेक अभ्यासक १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सच्या नियमानुसार मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवता येत नसे. जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली : टेम्पेस्ट या साध्या कौटुंबिक गाडीला ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन ‘ऐच्छिक संच’ म्हणून द्यायचे. ताकद ३२५ अश्वशक्ती. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या आणि नियमच मागे पडला.

८/१४
त्याच वर्षी, १७ एप्रिल १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग दाखवली. ती फाल्कन या स्वस्त गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती : लांब नाक, आखूड पाठ, चार आसने आणि किंमत २,३६८ डॉलरपासून. मूळ इंजिन सहा सिलिंडरचे आणि बेताचेच. पण ऐच्छिक वस्तूंची यादी एवढी लांब, की ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे गाडी सजवावी. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक मस्टँग विकल्या गेल्या.

९/१४
मस्टँग म्हणजे अमेरिकेतील रानटी घोडा. त्यावरून या वर्गाला ‘पोनी’ हे नाव पडले. गंमत अशी, की प्लिमथची बाराकुडा मस्टँगच्या आधी पंधरवडाभर, १ एप्रिलला, बाजारात आली होती. वर्गाला नाव मात्र विजेत्याचे मिळाले. इतिहासात असे वारंवार घडते. पोनी कारने विकला तो वेग नव्हे, तारुण्य विकले. युद्धानंतर जन्मलेली पिढी तेव्हा कुठे परवाना काढण्याच्या वयात आली होती.

१०/१४
येथे एक आक्षेप रास्त आहे. मस्टँगमध्येही पुढे राक्षसी इंजिने बसली, मग ती मसल कार नव्हे काय? उत्तर असे, की ‘पोनी’ हे नाव आकारमान आणि घाट सांगते, तर ‘मसल’ हे ताकद सांगते. त्यामुळे एखादी गाडी दोन्ही असू शकते. काटेकोर मंडळी मसल कार हे नाव मध्यम आकाराच्या गाड्यांपुरते राखतात. आणि अमेरिकेनेही १९५३ मध्ये कॉर्व्हेट ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार काढलीच होती. सीमारेषा पुसट आहेत हे मान्य. पण सीमारेषा पुसट असते म्हणून दोन प्रांत एक होत नाहीत.

११/१४
मसल कारचा अस्तही इतिहासानेच घडवला. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते वाढले, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला आणि १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोलपंपांवर रांगा लावल्या. ज्या परिस्थितीने ती जन्मली, ती परिस्थिती सरताच तीही सरली. छोटी, हलकी स्पोर्ट्स कार मात्र पुन्हा अवतरली; १९८९ ची माझदा एमएक्स-५ हे तिचे ठळक उदाहरण.

१२/१४
आता आपल्याकडे. जीटीओ आणि मस्टँग अवतरल्या, त्या काळात मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडत होती : १०८९ सीसी, जेमतेम चाळीस अश्वशक्ती, आणि तीही नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर. परवाना, आयातबंदी आणि पेट्रोलची टंचाई असलेल्या देशात मसल कार का जन्मली नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. आपली परिस्थितीही आपल्या गाड्यांत उतरली होती. ती आपण वाचली नाही, एवढेच.

१३/१४
पुढे गेल्या शतकाच्या अखेरीस बंगळूरूच्या सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ काढली : दोन आसने, फायबरग्लासची काया, रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन, सुमारे ६० अश्वशक्ती. ‘साठ अश्वशक्तीची कसली स्पोर्ट्स कार!’ ही थट्टा मी कितीदा तरी ऐकली आहे. तिच्यात उणिवा होत्या, आणि ती फारशी खपलीही नाही. परंतु ही थट्टा अमेरिकी मोजपट्टीची आहे. ५४ अश्वशक्तीच्या एमजी टीसीला ज्या परंपरेने डोक्यावर घेतले, त्याच परंपरेतील ही गाडी होती. गलबतावर गुराबाएवढ्या तोफा नाहीत म्हणून त्याला हिणवावे, तसाच हा प्रकार झाला.

१४/१४
इन्सुलीला आज दोन रस्ते आहेत. झाराप-पत्रादेवीचा रुंद महामार्ग, आणि सावंतवाडीहून बांद्याकडे उतरणारी घाटाची जुनी वाट. पहिल्यावर मस्टँगची छाती फुगते. दुसऱ्यावर हलकी, चपळ गाडी सुखाने नांदते. त्या मुलाला पुन्हा भेटलो तर ‘तू चुकलास’ असे मी म्हणणार नाही. एवढेच विचारीन : ‘बाबा, ही गाडी कोणत्या रस्त्यासाठी घडली असेल?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, की गाडीच काय, गड, गलबत आणि तलवारही वेगळी दिसू लागते. आपल्या घरात किंवा गावात कोणती जुनी गाडी होती आणि ती कोणत्या रस्त्यावर चालली, हे खाली अवश्य लिहा.