‘सून जेवायला देत नाही’

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी सल्ले लिहिणाऱ्या तज्ज्ञांनो,

मी साकोली तालुक्यातली एक सून. सासूबाईंना डिमेंशिया आहे हे नागपूरला दवाखान्यात गेल्यावर कळलं. तोवर गाव म्हणत होतं, म्हातारचळ लागला. कुणी म्हणे, बाहेरचं आहे. तिथून निघताना हातात तुमची एक पुस्तिका मिळाली. ती मी अक्षरन् अक्षर वाचली आणि मला रडू आलं. आमच्यासारखं घर तिच्यात कुठेच नव्हतं.

दाराला वरून कडी लावा, असं तुम्ही लिहिता. आमच्या घराला पुढे ओसरी, मागे सांदवाडी आणि पलीकडे बोडी, म्हणजे लहान तळं. भंडारा तलावांचाच जिल्हा. पाऊस लागला की सासूबाई धानाचे पऱ्हे काढायला निघतात, कारण त्यांच्या हातांना रोवणी अजून आठवते. त्या दिवसांत अख्खं गाव बांध्यांत असतं. मदतनीस ठेवा म्हणता, पण रोजी बुडवून कोण येईल?

त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. सासूबाई जेवतात आणि घडीभरात विसरतात. मग ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, सून जेवायला देत नाही. पाटल्या स्वतःच कुठेतरी लपवतात. सापडल्या नाहीत की चोर मी. ‘रुग्णाशी वाद घालू नका’ एवढंच तुम्ही यावर लिहिलंय. मी नाही हो वाद घालत. त्यांचा दोष नाही हे मला कळतं. पण गावाला ते खरं वाटतं. नणंद फोनवर विचारते, आईला उपाशी का ठेवतेस? ज्या हातांनी त्यांना न्हाऊ घालते, भरवते, त्या हातांवर हा आळ. तो राग मी कुठे नेऊ?

मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं, की कोरियात असा दाबलेला राग आजार मानतात, त्याला ह्वाब्युंग म्हणतात. अमेरिकेत गेलेल्या, डिमेंशियाचा रुग्ण सांभाळणाऱ्या कोरियन कुटुंबांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या घरच्या रीती ओळखून आधार देण्याचे प्रयत्न झाले. दक्षिण कोरियाने तर २०१७ मध्ये डिमेंशियाच्या रुग्णांची जबाबदारी देशाची मानली आणि अडीचशेहून अधिक केंद्रं उभी केली. आपल्या देशात डिमेंशिया असलेले ८८ लाख वृद्ध असल्याचा अंदाज आहे, आणि खेड्यांत प्रमाण शहरांपेक्षा जास्त. मग पुस्तिका शहरातल्या फ्लॅटसाठीच का?

२०२२ पासून १४४१६ वर मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा फोन लागतो, ही चांगलीच गोष्ट. पण मी बोलू कुठून? ओसरीवरून सगळ्यांना ऐकू जातं.

आमच्या आशाताईंना या आजाराचं शिकवा. त्या आमच्या झाडीबोलीत समजावतील, आणि त्या घरी आल्या तर कुणी काही म्हणणार नाही. बायांची बैठक घ्या, पण रोवणीत नको, धान घरात आल्यावर. सासूबाई असं का बोलतात, हे चावडीवर डॉक्टरांच्या तोंडून गावाला ऐकू द्या. आणि त्या दिवशी माझ्या नणंदेला, दिरांना तुम्ही स्वतः निरोप धाडा. मी बोलावलं तर ते येत नाहीत.

आपली,
एक सून